हँडलच्या खिडक्या : एका सुट्या भागाचा इतिहास

संपादक मंडळाने 'परदेशातल्या वास्तव्यातलं काहीतरी' मागितलं आहे. बर्फ, मुलांच्या शाळा आणि तिकडचा गणेशोत्सव यांवर आपल्या बॅचमधले चौघंपाच जण लिहिणारच, म्हणून ते विषय मी त्यांच्यासाठी सोडते. मी लिहिणार आहे खिडकी उघडायच्या हँडलवर. हसू नका. मिनेसोटातल्या आमच्या घराच्या एका खिडकीपायी मला जेवढा इतिहास वाचावा लागला, तेवढा दहावीलाही वाचला नव्हता.

आधी वस्तू डोळ्यांसमोर यायला हवी. आपल्या लहानपणच्या फियाट टॅक्सीच्या दाराला काच खालीवर करायचं हँडल असायचं. तसंच एक हँडल अमेरिकेतल्या असंख्य घरांच्या खिडक्यांना, चौकटीच्या खालच्या पट्टीवर बसवलेलं असतं. ते फिरवलं की बाजूच्या बिजागरीवरची झडप हळूहळू बाहेर उघडते, उलट फिरवलं की परत येऊन चौकटीला घट्ट बसते. अशा खिडकीला तिथे केसमेंट म्हणतात आणि हँडलच्या खाली लपलेल्या यंत्राला ऑपरेटर. ऑपरेटर साधारण मुठीएवढा, वर त्याला जोडलेला एक पोलादी हात. हे यंत्र झिजलं की खिडकी एकतर उघडत नाही किंवा लागत नाही. आमची लागत नव्हती, आणि ऑक्टोबर संपत आला होता. मिनेसोटात जानेवारीत तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत जाऊ शकतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आता आपल्या शाळेच्या खिडक्या आठवा. लाकडी झडपा, उभे गज आणि झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून एक आकडा. गजांतून हात बाहेर काढायचा, झडप ढकलायची, आकडा अडकवायचा. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९३० च्या दशकात ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांना लोखंडी चौकटीच्या खिडक्या आल्या. त्याही हातानेच उघडायच्या आणि भोकं पाडलेल्या पट्टीने खुंटीला अडकवायच्या. यंत्राची गरजच पडली नाही. मग अमेरिकेत ती का पडली? उत्तर डासांपाशी आणि माश्यांपाशी आहे. गजांतून हात जातो, जाळीतून जात नाही.

कनेक्टिकट राज्यातल्या जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट अँड बेनेट नावाची कंपनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती चाळण्या बनवत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं आणि चाळण्यांसाठी विणलेली तारेची जाळी पडून राहिली. तिला गंज लागू नये म्हणून रंग दिला आणि ती खिडक्यांना लावायची जाळी म्हणून विकायला काढली. माल खपला. तिथल्या उन्हाळ्यात माश्या आणि डास किती असतात, ते मिनेसोटातल्या माणसाने तरी वेगळं सांगायला नको.

तोवर जाळी ही निव्वळ सोयीची वस्तू होती. तिला आरोग्याचं वजन आलं ते हिंदुस्थानातल्या एका शोधामुळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. (आपल्याला हे शाळेत शिकवलं होतं, सिकंदराबादचं नाव परीक्षेत हमखास विचारलं जाई.) पुढे १९०० च्या उन्हाळ्यात लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या एका झोपडीत राहिले. सूर्यास्त ते सूर्योदय आतच राहायचं, औषध घ्यायचं नाही. आजूबाजूला मलेरिया होता, या दोघांना झाला नाही. १९०४ पासून पनामा कालव्याच्या कामावर विल्यम गॉर्गस यांनी दलदली बुजवल्या, पाण्यावर तेल टाकलं आणि इमारतींना जाळ्या बसवल्या. आपण घरोघरी मच्छरदाणी पलंगाला बांधली, अमेरिकेने ती खिडकीला बांधली. म्हणजे आमच्या खिडकीचं एक टोक सिकंदराबादला बांधलेलं आहे, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या घरांना वरखाली सरकणाऱ्या खिडक्या होत्या. त्यांना जाळी बाहेरून लावली की काम झालं, कारण झडप चौकटीतच फिरते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी धाटणीच्या बंगल्यांची हौस वाढली आणि बाहेर उघडणारी केसमेंट खिडकी परत आली. ती बाहेर उघडणार, म्हणजे जाळी आतल्या बाजूला हवी. जाळी आत लावली की झडपेपर्यंत हात पोचत नाही. दरवेळी जाळी काढून झडप ढकलायची तर डास तेवढ्या वेळात आत.

या अडचणीवर प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. आयोवा राज्यात पीट आणि ल्युसिल कायपर या दांपत्याने १९२५ मध्ये रोलस्क्रीन नावाची कंपनी सुरू केली. खिडकीच्या पडद्यासारखी गुंडाळून वर जाणारी जाळी हा त्यांचा माल. कंपनी ज्या गावात स्थिरावली त्या पेला गावाचं नाव तिने पुढे स्वतःला घेतलं. आज पेला हे खिडक्यांच्या धंद्यातलं मोठं नाव आहे, आणि त्याची सुरुवात जाळीतून झाली. दुसरा तोडगा जाळीखालून वाट काढण्याचा. चौकटीच्या खालच्या पट्टीतून यंत्राचा हात बाहेर न्यायचा, हँडल आत ठेवायचं आणि जाळीला हातच लावायचा नाही. शिकागोच्या केसमेंट हार्डवेअर कंपनीचे 'विन-डोर' ऑपरेटर या प्रकारचे. कल्पना अगदीच कोरी नव्हती. काचगृहांची उंचावरची तावदानं आणि कारखान्यांच्या लांबच लांब खिडक्या खालून हँडल किंवा साखळीने उघडण्याची पद्धत आधीपासून होती. जर्मनीत डेसाऊ इथल्या १९२६ च्या बाउहाउस इमारतीत खिडक्यांची अख्खी रांग एकदम उघडणारी साखळ्यांची योजना आहे. कारखान्यातलं तेच तत्त्व आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं.

यंत्राचं तत्त्व आपण आठवीत शिकलो आहोत. साध्या यंत्रांच्या धड्यात मळसूत्र होतं, आठवतं? ऑपरेटरमध्ये हँडलच्या दांड्यावर मळसूत्र कोरलेलं असतं आणि ते एका दातेरी चक्राला भिडतं. मळसूत्राचा एक पूर्ण फेरा झाला की चक्राचा एकच दात पुढे सरकतो. त्यामुळे लहान मूलसुद्धा जड झडप सहज ढकलू शकतं. आणखी एक गंमत अशी की ही जोडी एकाच दिशेने चालते. मळसूत्र चक्राला फिरवतं, पण चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही; दातांमधलं घर्षण ते होऊ देत नाही. म्हणून अर्धवट उघडी झडप वाऱ्याने हलत नाही, तिला आकडा लागत नाही. शाळेच्या खिडकीचा आकडा इथे मळसूत्रातच मुरला आहे.

पण याच गुणात त्याच्या मरणाचं कारणही आहे. रंगाने चिकटलेली, बर्फाने गोठलेली किंवा कडी न काढता कोणी उघडायला गेलेली झडप हलत नाही. माणूस मात्र जोर लावत राहतो. तो सगळा जोर त्या दोन-तीन दातांवर येतो. पोलाद टिकतं, जस्त सोलून निघतं.

जस्ताची हकिगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण अमुक यंत्र दुरुस्त होईल की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरतं. ऑपरेटरचं आवरण आणि हँडल साच्यात ओतून बनवायचं तर स्वस्त धातू जस्तच. मात्र १९२० च्या दशकापर्यंतच्या ओतीव जस्तात शिसं आणि कथील यांची भेसळ राहत असे. ती धातूच्या कणांच्या सीमांवर साठते, दमट हवेत तिथून आतल्या आत गंज सुरू होतो, वस्तू फुगते, तडकते आणि एके दिवशी बिस्किटासारखी तुटते. न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून १९२९ मध्ये नवे मिश्रधातू आणले. त्यांचं नाव झमॅक. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची ही आद्याक्षरं. म्हणून १९२९ च्या आधीचं जस्ताचं हँडल हातात आलं तर त्याला डागणी देण्याचा किंवा ठोकून सरळ करण्याचा विचार करू नये, नवंच शोधावं. पितळेचं किंवा ओतीव लोखंडाचं असेल तर मात्र ते आपल्यालाही पुरून उरेल. हे मला धातुशास्त्राच्या पेपरात कोणी विचारलं नव्हतं.

आता कारखान्यांकडे येऊ. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवा ही अमेरिकेतली खिडक्यांची राज्यं, कारण मागे पाइनची जंगलं होती आणि लाकूड वाहून आणायला नद्या. डेन्मार्कहून आलेल्या हान्स अँडरसन यांनी १९०३ मध्ये विस्कॉन्सिनच्या हडसन गावी धंदा सुरू केला. त्या काळी चौकट जागेवर, सुताराच्या मर्जीप्रमाणे बनायची. अँडरसन यांनी ठरावीक लांबीचे आडवे तुकडे एका गठ्ठ्यात आणि उभे दुसऱ्या गठ्ठ्यात विकायला सुरुवात केली. दोन गठ्ठ्यांतून पाहिजे त्या मापाची चौकट दहा-पंधरा मिनिटांत जुळवता येई. १९१३ मध्ये कंपनी सेंट क्रॉय नदीपलीकडे मिनेसोटात आली, त्या गावाला आता बेपोर्ट म्हणतात. १९३२ मध्ये त्यांनी 'मास्टर केसमेंट' काढली. चौकट, झडप, काच सगळं कारखान्यातच जुळवलेलं. घरमालकाने भिंतीत भोक ठेवायचं आणि खिडकी आणून बसवायची.

या १९३२ च्या वळणाकडे मी पुनःपुन्हा परत येते. खिडकी जोवर सुतार बनवत होता, तोवर बिजागरी, कडी, हँडल बाजारातून वेगळं आणलं जाई आणि बाजारातूनच बदलता येई. खिडकी अख्खी कारखान्यातून येऊ लागल्यावर आतलं यंत्रही त्या खिडकीपुरतं बनू लागलं. भोकांमधलं अंतर, हाताची लांबी, हाताला असलेला बाक, झडपेखालची सरकपट्टी हे सगळं प्रत्येकाचं निराळं. आपल्याकडे टॉवर बोल्टला आयएस २०४ हे भारतीय मानक आहे. सोलापूरच्या दुकानात घेतलेला सहा इंची टॉवर बोल्ट नागपूरच्या दारावरच्या जुन्याच भोकांत बसण्याची आशा तरी करता येते. हँडलच्या खिडकीच्या नशिबी ते नव्हतं. कंपन्या चौकटीच्या मापांत शिस्त आणण्यात गुंतल्या होत्या आणि मुठीएवढ्या यंत्राकडे कोणी त्या नजरेने पाहिलं नाही.

बरं, खिडकी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या हे यंत्र स्वतः बनवतही नव्हत्या. मिनिआपोलिसच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर ओवाटोना नावाचं गाव आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते लुई सलिव्हन यांच्या १९०८ च्या बँकेमुळे माहीत असतं. मला ते ट्रूथ कंपनीमुळे माहीत झालं. मूळची ही मँकेटो गावातली अवजारांची कंपनी, पुढे ओवाटोनात आली आणि खिडक्यांच्या ऑपरेटरमधलं सर्वांत ओळखीचं नाव बनली. खिडकीवर नाव एका कंपनीचं, आत यंत्र ट्रूथचं, असं सर्रास आढळतं. त्यातला दिलासा म्हणजे खिडकीची कंपनी बुडाली तरी यंत्रावरचा शिक्का मागे राहतो. ट्रूथची मालकी मात्र हातोहात फिरली. २००८ मध्ये तिची मालक असलेली एफकेआय ही ब्रिटिश कंपनी मेलरोजने घेतली, २०१३ मध्ये ट्रूथ टायमनकडे गेली आणि २०२४ मध्ये टायमनच क्वानेक्सने विकत घेतली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या मालाच्या याद्या नव्याने लिहिल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये मी वीस वर्षं हेच पाहते आहे. जुनी लायब्ररी कोणी मुद्दाम मारत नाही. ती नव्या यादीत उतरवायचं काम कोणाच्याच वाट्याला आलेलं नसतं, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, बैठी घरं लाखोंनी झाली आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमागे केसमेंट खिडकी आली. ओट्यावरून वाकून वरखाली सरकणारी खिडकी उचलणं अवघड, हँडल फिरवणं सोपं. दक्षिणेकडे फ्लोरिडात काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडक्या हँडलवर चालू लागल्या. आपल्याकडच्या न्हाणीघरात ज्या पट्ट्या हाताने तिरक्या करतो त्यांचीच ही भावंडं. अशा खिडकीचं पेटंट मॅसॅच्युसेट्सच्या जोसेफ वॉकर यांना १९०१ मध्ये मिळालं होतं. हवा खेळती राहायची, पाऊस आत यायचा नाही. पण घरोघरी एसी आल्यावर तिच्या फटी डोळ्यांवर आल्या, आणि १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर बांधकामाचे नियम कडक झाल्यावर तिची सद्दी संपली. बनवणारे गेले, खिडक्या मात्र पुष्कळ घरांत अजून आहेत.

थंड राज्यांत धक्का वेगळ्या बाजूने आला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर घर गरम ठेवणं महाग झालं आणि दुहेरी काच सगळीकडे आली. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो धरा. साठ सेंटिमीटर रुंद, एकशेवीस उंच झडपेत तीन मिलिमीटरची एकेरी काच म्हणजे साडेपाच किलोच्या आत. दुहेरी केली की जवळजवळ अकरा. नवे ऑपरेटर या वजनासाठी बनले, त्यांचे हात लांब आणि दुहेरी झाले, आवरणाची ठेवण बदलली. एकेरी काचेसाठीच्या जुन्या मापांना मागणी उरली नाही. तेव्हा जुन्या खिडकीत नवं यंत्र बसत नाही त्यामागे कोणाचा कट नाही. त्यामागे १९७३ चं तेल आहे.

सरकारी पातळीवर जुन्या खिडक्या वाचवण्याचा विचारही नेमका याच सुमाराला झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने १९८१ मध्ये लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीवर आणि १९८४ मध्ये लोखंडी खिडक्यांवर मार्गदर्शक पुस्तिका काढल्या. दोन्ही आजही कामाच्या आहेत. कुजलेलं लाकूड कसं भरावं, गंजलेली चौकट कशी सरळ करावी, हे त्यांतून शिकता येतं. सोललेल्या दातांचं चक्र कुठे मिळेल हे कोणतीही पुस्तिका सांगू शकत नाही.

ते शोधायला काळ आणि कंपनी ओळखावी लागते, आणि इथे मला इतिहासाच्या बाई आठवल्या. साधनं आधी गोळा करा, निष्कर्ष नंतर, असं त्या म्हणायच्या. खिडकीची साधनं खिडकीवरच असतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढा पुसट शिक्का असतो. काही कंपन्या त्यातच काचेचं वर्ष कोरत. अँडरसनच्या दुहेरी काचांवर तो सापडतो. मग यंत्र खोलून काढायचं, रंगाचे थर काढायचे आणि आवरणाच्या पोटाशी व हातावर उमटवलेले आकडे पाहायचे. आकडे नसतील तर मापं घ्यायची: बसवायच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, खिळ्यापासून टोकापर्यंत हाताची लांबी, हात सरळ की बाक असलेला, आणि झडपेखालची सरकपट्टी. डावं की उजवं हेही ठरवावं लागतं, आणि ते बाहेरून बघून ठरवायचं की आतून, यावर विक्रेत्यांचं एकमत नाही. एकट्या हँडलचंच दुखणं असेल तर दांड्याच्या टोकावरच्या उभ्या खाचा मोजायच्या. दांड्याची जाडी ५/१६ इंच असते, ११/३२ असते किंवा ३/८ असते. यातल्या शेजारच्या दोन मापांत एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक आहे. चुकीचं हँडल त्यामुळे बसतं, आठवडाभर चालतं आणि मग नव्या हँडलचे दात घेऊन जातं.

यापुढचा शोध ग्रंथालयातला. अमेरिकेत १९०६ पासून स्वीट्स नावाचा बांधकाम साहित्याचा जाडजूड वार्षिक कॅटलॉग निघत असे, शिवाय प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पुस्तिका. त्या काळी या पुस्तिका वर्ष संपलं की रद्दीत जात. जुन्या वास्तू जपणाऱ्या तंत्रज्ञांच्या संघटनेने अशी हजारो पत्रकं स्कॅन करून 'बिल्डिंग टेक्नॉलॉजी हेरिटेज लायब्ररी' या नावाने इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली आहेत. बहुतेक मजकूर १९६४ पूर्वीचा. मी त्यात कित्येक रविवार घालवले. जाहिरातींत हसऱ्या गृहिणी दोन बोटांनी हँडल फिरवताना दिसतात, आणि खाली अगदी बारीक टाइपात, माझ्या डोळ्यांना आता चश्मा लावूनच वाचता येईल अशा टाइपात, भोकांची मापं दिलेली असतात. गृहिणींच्या चित्रासाठी जो पैसा खर्च झाला त्याचा आज काही उपयोग नाही. ती बारीक ओळ मात्र सोन्याची.

आमच्या घरी एका खिडक्यांच्या विक्रेत्याचा माणूस आला होता. त्याने दोन मिनिटं पाहून सांगितलं की हा पार्ट आता मिळत नाही, आणि घराच्या सगळ्या चौदा खिडक्या बदलण्याचा अंदाज लिहून दिला. त्याच्या बाजूनेही बोलायला हवं: त्याच्या यादीत तो पार्ट खरोखरच नव्हता. पण जुन्या झाडांच्या, सावकाश वाढलेल्या पाइनच्या चौकटी अजून खडखडीत होत्या. एका मुठीएवढ्या जस्तापायी त्या कचराभूमीत जाणार, हे माझ्यातल्या इंजिनिअरला पटेना. घाई मात्र होती. खिडकी मुलीच्या झोपायच्या खोलीतली. झोपायच्या खोलीची खिडकी आग लागली तर बाहेर पडायचा मार्गही असते. तिथल्या आजच्या नियमांत तिची मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट हवी आणि ती किल्ली-हत्याराशिवाय उघडायला हवी. फळी ठोकून हिवाळा काढण्याचा स्वस्त उपाय त्यामुळे आम्ही बाजूला ठेवला. यंत्र काढल्यावर झडप आतून पट्टीने आवळली, उघडायची वेळ आली तर पट्टी हाताने सुटेल अशी, आणि शोधाला लागलो.

मिळण्याच्या जागा चार. पहिली, मूळ बनवणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसाचा जुना साठा. दुसरी, निव्वळ जुन्या खिडक्यांचे पार्ट ठेवणारे विक्रेते. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनची ब्लेन विंडो हार्डवेअर ही त्यांतली माहितीची. अशा विक्रेत्यांकडे तुटका नमुना पाठवला तर तो फडताळातल्या मालाशी ताडून पाहणारी माणसं असतात. तिसरी जागा म्हणजे पाडलेल्या इमारतींचं सामान विकणारी गोदामं, आपल्या जुन्या बाजाराची गोरी बहीण. तिथे जोडीने यंत्रं मिळतात, पण तीही तेवढीच वापरलेली. चौथी जागा लेथवाला. पितळेचं चक्र कापून देणारा कारागीर सापडला तर काम होतं, फक्त एका चक्राची मजुरी ऐकून माणूस परत पहिल्या तीन जागांकडे वळतो. सध्या थ्रीडी प्रिंटिंगचं फार कौतुक आहे. हँडलची टोपी किंवा सरकपट्टीतला प्लास्टिकचा तुकडा त्यावर छान होतो. दातेरी चक्राला साधं प्लास्टिक दोन थंड्या काढेल, माझ्या मते त्याहून जास्त नाही.

आमचा भाग दुसऱ्या प्रकारच्या जागी मिळाला. कॅटलॉगमधल्या मापांवरून काळ १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध ठरला, घराच्या बांधकामाच्या कागदांशी तो जुळला, आणि आवरणावरचा अर्धा झिजलेला आकडा पूर्ण करता आला. तुटका ऑपरेटर खोक्यात घालून पाठवला. तीन आठवड्यांनी त्याच खोक्यात तो परत आला, सोबत तसाच एक न वापरलेला, तपकिरी मेणकागदात गुंडाळलेला. पत्ता बरोबर विचारला म्हणून मिळाला. नुसतं 'जुन्या खिडकीचं हँडल' म्हणून विचारलं असतं तर त्यांनाही तो सापडला नसता. त्यांच्या फडताळावर तो कंपनीच्या नावाने आणि आकड्याने ठेवलेला होता. भोकं जुन्याच भोकांवर बसली. सरकपट्टीतला वाळलेला रंग खरवडून काढला, मळसूत्राला पांढरं ग्रीस लावलं, आणि बिजागरीचे स्क्रू आवळले, कारण झडप खाली झुकली असेल तर नवं यंत्रही दोन वर्षांत जुन्याच्या वाटेने जातं.

घरातल्या बाकी तेरा खिडक्यांत तेच यंत्र आहे, नऊ उजवी आणि चार डावी. त्यांचंही वय तेवढंच. विक्रेत्याकडे त्या आकड्याचे सहा शिल्लक होते. मी चार मागवले, दोन उजवे, दोन डावे. उरलेले दोन दुसऱ्या कोणाच्या खिडकीसाठी राहू दिले. यंत्राचा आकडा, भोकांचं अंतर आणि बदलल्याचं वर्ष चौकटीच्या आतल्या बाजूला, आवरणाखाली झाकलं जाईल अशा जागी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे.